तिकीट काढून तुरुंगात

तुरुंगात जायचं तर एक तर गुन्हा करावा लागतो, नाहीतर सत्याग्रह, असं आमच्या आजोबांच्या पिढीचं साधं गणित होतं. 'डेडमॅन वंडरलँड' या जपानी ॲनिमे मालिकेत तिसरी वाट आहे. तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, आत जाऊन पोराला फुगा घ्यायचा, कैद्यांच्या शर्यती बघायच्या आणि संध्याकाळी घरी यायचं. कैद्यांना यातली फक्त शेवटची सोय नाही.

मालिका 2011 सालची. बारा भागांची, वर एक जादा भाग. जिन्सेई काताओका आणि काझुमा कोन्दो या जोडीच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून केलेली. तिला कार्टून म्हटलं की आमचा भाचा ताटावरून उठतो, म्हणून मी म्हणत नाही. त्यानेच ती मला बघायला लावली. 'मामा, फक्त पहिला भाग बघा, आवडलं नाही तर सोडा,' असं म्हणून. व्यसनं अशीच लावतात, हे मला या वयात माहीत असायला हवं होतं.

गोष्ट अशी. महाभूकंपात टोकियोचा बराचसा भाग समुद्रात गेलेला आहे. (मालिका एप्रिल 2011 मध्ये सुरू झाली, त्याच्या आदल्याच महिन्यात खराखुरा भूकंप आणि त्सुनामी येऊन गेली होती. काही योगायोगांवर विनोद करू नये.) उद्ध्वस्त राजधानीत दहा वर्षांनी 'डेडमॅन वंडरलँड' नावाचा एक खाजगी तुरुंग उभा आहे आणि तो तुरुंग म्हणजे चक्क मनोरंजन नगरी. पाळणे, खाऊची दुकानं, माहितीपत्रकं, रंगीत टोप्या. कैदी कसरती करतात, पर्यटक टाळ्या वाजवतात आणि जमलेल्या पैशातून राजधानीची पुन्हा उभारणी होते. गान्ता इगाराशी नावाचा चौदा वर्षांचा, नागानोच्या शाळेत शिकणारा मुलगा या गोष्टीचा नायक. त्याच्या वर्गाची सहल याच तुरुंगाला जायची ठरलेली असते. पोरं वर्गात त्याच गप्पा मारत असताना खिडकीबाहेर लाल झगा पांघरलेला कुणीतरी हवेत तरंगताना दिसतो. पुढच्या मिनिटभरात वर्गात एकटा गान्ता उरतो, आणि त्याच्या छातीत एक लाल स्फटिक घुसलेला असतो. पोलिस येतात. वर्गात जिवंत एकच, म्हणजे खुनी तोच. तर्क म्हणून यात खोट काढता येत नाही.

मग खटला. आपल्याकडे शेजाऱ्याच्या पन्हाळीचं पाणी आपल्या अंगणात पडतं, एवढ्याशा दाव्याला नातवंडं होईस्तोवर तारखा पडतात. इथे तपास, आरोप, सुनावणी आणि फाशी, सगळं पहिल्या जाहिरातीच्या आसपास उरकतं. खऱ्या जपानी कायद्यात गुन्ह्याच्या वेळी अठराच्या आतल्या आरोपीला मृत्युदंड देता येत नाही, पण मालिकावाल्यांनी तो कायदा गुंडाळून ठेवला आहे. जपानमध्ये दोषी ठरण्याचं प्रमाण 99 टक्क्यांच्या वर आहे, ही गोष्ट मात्र खरी. तेव्हा गान्ताचं काय होणार हे वाढवून सांगायला लेखकाला फार ताण द्यावा लागला नसेल.

हा खटला चालू असताना आमची आई तिथून चालली होती. तिचं वय ऐंशीच्या पुढे, संध्याकाळी सात ते दहा या वेळेतल्या मराठी मालिकांचा अनुभव दांडगा. ती थांबली.

'कुणाचं पोर हे?'

'जपानचं आहे.'

'आईबाप कुठायत?'

'दिसले नाहीत अजून.'

'वकील तरी दिलाय का?'

'दिलाय की. हा काय, सुटाबुटातला, सारखा हसतोय तो.'

आईने पडद्याकडे एकदाच बघितलं आणि आत जाता जाता म्हणाली, 'यानंच केलंय सगळं.'

तो वकील म्हणजे तामाकी. पुढे कळतं, तुरुंग चालवणारा तोच, आणि गान्ताच्या कबुलीची खोटी चित्रफीत बनवणाराही तोच. आरोपीचा वकील, पुराव्याचा निर्माता आणि तुरुंगाचा मालकासारखा कारभारी, तिन्ही खाती एकाच माणसाकडे. त्याचं हसू मी ओळखीचं म्हणून बघत राहिलो. नमुना फ्लॅट दाखवणारा, 'पार्किंगचं बघू आपण नंतर' म्हणणारा जो इसम असतो, त्याचं हसू.

आता मालिका 'अलौकिक शक्तींची' म्हणून प्रसिद्ध आहे. कैद्यांपैकी काहींना आपलं रक्त हवं तसं वळवता येतं. कुणाच्या रक्ताची पाती होतात, कुणाच्या रक्ताचे चाबूक, गान्ता गोळ्या झाडतो. यावर माझा चटकन विश्वास बसला. आम्ही अग्न्यस्त्र, वारुणास्त्र ऐकत वाढलेली माणसं, रक्तास्त्राने दचकायचं काय कारण? माझा विश्वास बसायला वेळ लागला तो तुरुंग नफ्यात चालतो यावर.

कारण या तुरुंगातली खरी अद्भुत गोष्ट म्हणजे तिथली हिशेबाची वही. प्रत्येक कैद्याच्या नावावर 'कास्ट पॉइंट' जमा होतात. काम करा, पॉइंट. जीवघेण्या खेळात उतरा, पॉइंट. जिवंत परत या, जास्त पॉइंट. आणि प्रत्येक गोष्टीला पॉइंटच मोजायचे. बरं जेवण हवं असेल तर पॉइंट, वस्तू हवी असेल तर पॉइंट. इथवर ठीक आहे, आपल्याही तुरुंगांत कैद्याला घरून मनीऑर्डर येते आणि कॅन्टीनमधून तो बिस्किटं, साबण घेतो. पण वंडरलँडमध्ये मृत्युदंडाच्या कैद्याच्या गळ्यात एक पट्टा अडकवलेला असतो, तो अंगात हळूहळू विष सोडत राहतो, आणि त्यावरचा उतारा म्हणून एक गोळी दर तीन दिवसांनी खावी लागते. त्या गोळीचं नाव 'कँडी'. ती फुकट मिळत नाही. पॉइंट मोजून घ्यायची.

म्हणजे बघा, शिक्षा मृत्युदंडाची, पण मरण्याची तारीख ज्याची त्याने ठरवायची आणि ती पुढे ढकलण्याचा खर्च ज्याचा त्याने करायचा. कोर्टाचं काम वाचलं, फाशी देणाऱ्याचा पगार वाचला, वरून कैदी दर तीन दिवसांनी गिऱ्हाईक म्हणून खिडकीवर हजर. व्यवस्थापनाचं शिक्षण घेतलेल्या कुणी हे बघितलं तर त्याच्या डोळ्यांत पाणी येईल. हप्ता चुकला तर दंड, व्याज, नोटीस असला काही घोळच नाही.

भाचा म्हणाला, 'मामा, सगळेजण फाइट बघतात, तुम्ही रेट कार्ड काय बघताय?' मी आयुष्यभर लेखा विभागात काढलं, त्याला मी काय करू?

फाइट बघत नाही असं नाही. पण तिथेही माझं लक्ष भलतीकडे जातं. हे कैदी लढतात स्वतःच्या रक्ताने, त्यामुळे प्रत्येक लढाईच्या आधी स्वतःलाच जखम करून घ्यावी लागते. धनुर्वाताचं इंजेक्शन कुणी घेताना दिसत नाही. मग दहा-पंधरा मिनिटं रक्ताची अशी उधळण होते की भिंती रंगतात. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असतं साधारण पाच लिटर. आपल्या रक्तदान शिबिरात त्यातलं 350 मिलिलिटर काढतात, मग अर्धा तास बसवून ठेवतात, कॉफी-बिस्किट देतात, प्रमाणपत्र देतात, जड उचलू नका म्हणतात, आणि पुरुषांना पुढचे तीन महिने परत येऊ नका म्हणून बजावतात. गान्ताचं वय तर चौदा. जपानमध्ये रक्तदानाला किमान सोळा वर्षं पूर्ण लागतात, आपल्याकडे अठरा. म्हणजे कुणाचा जीव वाचवायला रक्त देण्याइतका तो मोठा नाही, पण रक्ताच्या गोळ्या झाडून लढायला चालतो.

मालिकेच्या लेखकांनी हा मुद्दा सोडलेला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. लढता लढता रक्त संपत येतं, तोंड पांढरंफटक पडतं, पाय लटपटतात. बाकीच्या ॲनिमेंत नायकाची ताकद त्याच्या जिद्दीवर असते, इथे हिमोग्लोबिनवर आहे. पण एवढं कळूनही त्या अख्ख्या तुरुंगात कुणी कुणाला बीट, पालक, खजूर, गुळदाणे काही देत नाही. लोहाची एक गोळी नाही. एखादी आजी त्या स्वयंपाकघरात नेमली असती तर मालिकेचा शेवट वेगळा झाला असता.

या रक्तवाल्या कैद्यांसाठी तुरुंगाच्या पोटात वेगळा विभाग आहे, आणि तिथे निवडक श्रीमंतांसाठी त्यांच्या झुंजी लावतात. वर पर्यटक बसतात, त्यांना वाटतं हे सगळं खोटं, रंगपाणी. खाली बसणाऱ्यांना खरं काय ते माहीत असतं म्हणून त्यांच्या तिकिटाचा दर वेगळा. झुंजीत जो हरतो त्याच्यासाठी एक यंत्र ठेवलेलं आहे. जुगारखान्यात असतं तसलंच, दांडा ओढला की चित्रं फिरतात. ज्या अवयवाचं चित्र येईल तो अवयव तिथल्या तिथे काढून घ्यायचा, भूल न देता. हा प्रकार किळसवाणा आहे आणि मी तो पापण्यांच्या फटीतून बघितला. तरी एक कबूल करतो की निवड अगदी निःपक्षपाती होते. वशिला नाही, कोटा नाही, मुलाखत नाही.

सेंजी नावाचा एक दणकट गडी गान्ताकडून हरतो आणि या यंत्रापायी उजवा डोळा गमावतो. हा सगळ्या मालिकेतला माझा आवडता माणूस. पूर्वाश्रमीचा पोलिस, टोपणनाव 'क्रो', म्हणजे कावळा. हातांतून रक्ताची पाती काढतो, समोरच्याला चिरायला मागेपुढे बघत नाही, आणि एखादी बाई जरा कमी कपड्यांत समोर आली की लाजून लालेलाल होतो, तोंड फिरवतो. रक्त इतकं हातचं असताना ते गालांवर येणं त्याला थोपवता येत नाही. ज्याने कुणी हे पात्र रंगवलं त्याला माणसं कळतात. हरल्यावर गान्ताचा राग धरायचा सोडून तो त्याला शिकवायला घेतो. डोळा घालवणाऱ्या पोराला शिष्य करून घेणारा गुरू आपल्या पुराणांतही शोधावा लागेल. तिथे अंगठा मागून घेणारे आहेत.

मिनात्सुकी नावाची एक मुलगी आहे. रडवेली, फुलांवर जीव असलेली, वाऱ्याने मोडेल अशी. तिचा भाऊ मुद्दाम गुन्हा करून या तुरुंगात आलेला, का, तर पॉइंट साठवून बहिणीला सोडवायचं. प्रेक्षकाचा जीव कळवळतो. आणि मग लढाई सुरू झाल्यावर या कन्येच्या तोंडून जे काही बाहेर पडतं ते ऐकून भाच्याने आवाज कमी केला, कारण आई शेजारच्या खोलीत होती. जपानी भाषा आईला कळत नाही. शिव्या मात्र माणसाला सुरावरून कळतात. आणि गेन्काकू नावाचा एक बौद्ध भिक्षू आहे, त्याच्याकडे इलेक्ट्रिक गिटार असते आणि गिटारीतून बंदुका निघतात. त्याच्याबद्दल मी जास्त विचार केला नाही. करू नये.

नायिका शिरो. पांढरे केस, लाल डोळे, गोडाधोडाची वेडी, कुठूनही उडी मारते आणि गान्ताला लहानपणापासून ओळखते असं म्हणते. ती कोण, हे मी सांगणार नाही. पहिल्या भागात दिसणाऱ्या त्या तरंगत्या लाल माणसाबद्दलही काही बोलणार नाही. आईला यातलंही तिसऱ्या भागातच कळलं होतं, पण तिला मी गप्प बसवलं.

आता कुणी म्हणेल, तुरुंगाचं पर्यटन म्हणजे लेखकाच्या डोक्यातलं खूळ. तसं मुळीच नाही. होक्काइदो बेटावर अबाशिरीचा जुना तुरुंग आहे, कडाक्याच्या थंडीतला. त्याच्या जुन्या लाकडी इमारती हलवून 1983 साली तिथे संग्रहालय उघडलं. तिकीट काढून आत जायचं, कोठड्या बघायच्या, आणि तिथल्या खानावळीत आजच्या कैद्यांना मिळतं तसं जेवणही मागवता येतं. जव घातलेला भात, भाजलेला मासा, बरोबर एखादं तोंडी लावणं. लोक पैसे देऊन खातात, फोटो काढतात.

त्याच संग्रहालयात छताच्या तुळयांवर लंगोट नेसलेला एक पुतळा चढताना दाखवला आहे. तो योशिए शिरातोरी या कैद्याचा. आणि मला विचाराल तर वंडरलँडचे सगळे रक्तवीर या एका माणसापुढे पाणी भरतील. 1936 ते 1947 या काळात हा चार वेगवेगळ्या तुरुंगांतून पळाला. अबाशिरीला त्याच्यासाठी खास जड बेड्या घातल्या होत्या. सांगतात ते असं, की गड्याने रोजच्या जेवणातलं मिसो सूप थोडं थोडं बेड्यांवर आणि दाराच्या लोखंडी चौकटीवर ओतायला सुरुवात केली. सुपात मीठ. दिवसामागून दिवस गेले, लोखंड गंजलं, आणि 1944 मध्ये एके दिवशी कोठडी रिकामी. शेवटी तो पकडला गेला तो कसा? एका पोलिसाने त्याला भल्या मनाने सिगारेट दिली, आणि याने आपण कोण ते स्वतःच सांगून टाकलं. गान्ता अलौकिक शक्ती घेऊन बारा भाग धडपडतो आणि आतच राहतो. शिरातोरीने वाटीभर सुपावर काम भागवलं. मालिका त्याच्यावर काढायला हवी होती, पण त्यात भिंती रंगल्या नसत्या.

खाजगी तुरुंगाची कल्पनाही हवेतली नाही. वंडरलँडची मांगा 2007 मध्ये छापायला लागली. त्याच वर्षी यामागुची प्रांतात मिने इथे खाजगी भांडवलाच्या भागीदारीतला जपानमधला पहिला तुरुंग सुरू झाला. नाव मात्र 'तुरुंग' नाही, 'सामाजिक पुनर्वसनाला मदत करणारं केंद्र' अशा अर्थाचं. तिथे कैद्यांच्या अंगावर इलेक्ट्रॉनिक बिल्ले असतात, कोण कुठे आहे ते पडद्यावर दिसतं. गळपट्टा नाही, विष नाही, कँडी नाही. तेवढं वगळलं तर तामाकीला तिथे फारसं परकं वाटू नये.

आणि आपणही मागे नाही. तेलंगणात संगारेड्डीच्या जुन्या तुरुंगात 500 रुपये भरून चोवीस तास कैदी होऊन राहण्याची योजना निघाली होती. महाराष्ट्राने 26 जानेवारी 2021 ला येरवड्यापासून 'जेल पर्यटन' सुरू केलं. तेव्हाचा दर शाळकरी मुलांना 5 रुपये, कॉलेजच्या विद्यार्थ्यांना 10, बाकीच्यांना 50. अर्थात इथे बघायचं ते गांधीजींची कोठडी, टिळकांची कोठडी, 1932 च्या पुणे कराराशी जोडलेला तो आंबा. शर्यती नाहीत, कुणाला डोळा गमवावा लागत नाही. पण गान्ताच्या वर्गाची सहल आठवली आणि 'शाळकरी मुलांना 5 रुपये' हे वाक्य मी पुन्हा वाचलं, तेव्हा जरा कसंतरी झालं. दर इतका कमी ठेवला, म्हणजे सहल नक्की जाणार.

जपानी लोक शिस्तीत काम करतात, वेळेवर गाड्या सोडतात, पण ॲनिमे मालिका पूर्ण करण्याच्या बाबतीत त्यांचं आणि आपल्या उड्डाणपुलांचं फार वेगळं नाही. बारा भागांत गान्ता सुटत नाही, लाल माणसाचा निकाल लागत नाही, तामाकीचा हिशेब चुकता होत नाही. सगळे धागे लोंबकळत ठेवून मालिका थांबते. ती बनवणारा स्टुडिओ मॅनग्लोब. 'सामुराई चाम्प्लू' सारखी देखणी मालिका त्यांचीच. पण 2015 साली स्टुडिओचं दिवाळं निघालं. ज्यांनी पडद्यावर इतका चोख फायद्याचा तुरुंग चालवून दाखवला, त्यांना स्वतःचं दुकान चालवता आलं नाही. पॉइंट कमी पडले.

तरीही बघावी का? माझं मत, बघावी. चित्रं अधूनमधून घाईची आहेत, मधले दोन-तीन भाग नुसते आरडाओरड्याचे आहेत, पण तामाकीच्या तोंडी लेखकांनी जो थंड गोडवा ठेवला आहे त्यासाठी बघावी, आणि सेंजीसाठी बघावी. लहान मुलांना दाखवू नये, ती चित्रांची असली तरी त्यांच्यासाठी नाही. जेवताना लावू नये. बारावा भाग संपल्यावर दुसऱ्या सीझनची वाट बघत बसू नये, तो नाही. मूळ मांगा 13 खंडांची आहे, 2013 मध्ये पूर्ण झाली, आणि तिच्यात सगळ्यांचा निकाल लागतो.